सुधारणा : कोणाची, कशाची?



मागच्या महिन्यात एका रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर नववीतली एक मुलगी आमच्यापाशी रेंगाळली. हातात इतिहासाची वही होती. म्हणाली, “फादर, एक विचारू? सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली आणि तिला उत्तर म्हणून कॅथलिकांनी प्रतिधर्मसुधारणा केली, असं आम्हाला शिकवलंय. ‘प्रति’ म्हणजे विरुद्ध ना? मग आपण सुधारणेच्या विरुद्ध होतो का? माझी बाकावरची मैत्रीण प्रोटेस्टंट आहे. ती म्हणते, आमचे सुधारलेले, तुमचे राहिलेले.”

आम्ही हसलो आणि “परीक्षेत पुस्तकात आहे तेच लिही, बाकीचं पुढच्या रविवारी बोलू” असे सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमचे एक प्राध्यापक म्हणत, की भांडण मिटवण्याआधी भांडणातला शब्द तपासावा. निम्मी भांडणे तिथेच विरघळतात, आणि उरलेली निम्मी कशासाठी आहेत ते निदान समजते. म्हणून आज या पानावर एकच शब्द घेऊ या : सुधारणा.

आपल्या तोंडातला शब्द

हा शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा वापरतो. तापातून उठलेल्या माणसाची तब्येत सुधारते. मुलाचे अक्षर सुधारते. पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघते. बापाच्या मनासारखे न वागणारा पोरगा ‘लग्न झाल्यावर सुधारेल’ अशी आशा असते. या सगळ्या वापरांत एक गंमत आहे. ‘मी सुधारलो’ असे म्हणता येते आणि ‘मी चूक सुधारली’ असेही म्हणता येते. पहिल्या वाक्यात बदल माझ्यात होतो. दुसऱ्या वाक्यात मी दुसरे काही तरी बदलतो. क्रियापद एकच, पण दिशा दोन. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात या शब्दाला नवे वजन आले. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज. १८८८ साली गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या पत्राचे नावच ‘सुधारक’ ठेवले. सुधारक म्हणवून घेणे कोणाला भूषण वाटे, तर कोणाला ती शिवी वाटे. त्याच काळात ‘सुधारलेले देश’ असाही वाक्प्रचार रुळला. त्यात सुधारणा म्हणजे प्रगती, पुढे जाणे, जुने मागे टाकणे. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील संतांच्या चळवळीची युरोपातील धर्मसुधारणेशी तुलना केली. अशा रीतीने युरोपातील घटना आपल्याकडे आली ती ‘सुधारणा’ या मानाच्या शब्दात बसून आली. त्या शब्दाला प्रगतीचा वास होता. मग जो तिच्या पलीकडच्या बाजूला उभा, तो आपोआप मागासलेला ठरला! आमच्या विद्यार्थिनीची अडचण इथून सुरू होते.

आणखी एक गोष्ट पाहा. आपण ‘धर्म’ हा शब्द पुढे जोडला : धर्म-सुधारणा. युरोपातील मूळ शब्दात धर्म नाही. तिथे नुसते ‘रेफोर्मात्सियो’ म्हणत. आणि कोणाची असे विचारले, तर उत्तर येई : ख्रिस्तसभेची, तिच्या प्रमुखाची, तिच्या सभासदांची. म्हणजे माणसांची. आपल्या जोडशब्दामुळे मात्र वाटते, की धर्मच कुठेतरी नादुरुस्त होता आणि कोणीतरी तो दुरुस्त केला.

मुळाशी : रूप आणि रूपांतर

‘रेफोर्मात्सियो’ हा लॅटिन शब्द फोडून पाहिला तर ‘रे’ म्हणजे पुन्हा आणि ‘फोर्मा’ म्हणजे रूप. पुन्हा रूपाला येणे. आधी एक सुंदर रूप होते, ते बिघडून विद्रूप झाले, ते पुन्हा रूपास यावे, असा या शब्दाचा ओघ आहे. आपल्या मराठीत याच्या सर्वात जवळचा शब्द बहुधा ‘जीर्णोद्धार’ असेल. जीर्णोद्धार करणारा नवीन मंदिर बांधत नाही. पडझड झालेल्या मंदिराचे मूळ रूप काय होते ते तो शोधतो आणि त्यावर चढलेले थर उतरवतो. म्हणजे आपली ‘सुधारणा’ पुढे बघते, तर ‘रेफोर्मात्सियो’ आधी मागे वळून बघते. कोणाकडे? प्रभू येशू ख्रिस्ताकडे. तेच आपले मूळ रूप.

ख्रिस्ती परंपरेत हा शब्द आला तो संत पौलाच्या पत्रातून. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात दुसऱ्या वचनात संत पौल सांगतो, की या युगाच्या साच्यात स्वतःला ओतून घेऊ नका, तर मन नवे होऊन तुमचे रूपच पालटू द्या. ‘पालटू द्या’ यासाठी जुन्या लॅटिन बायबलमध्ये जे क्रियापद आहे ते ‘रेफोर्मामिनि’. सुधारणेच्या सगळ्या चर्चेचा झरा हा आहे. मूळ ग्रीक क्रियापद तर आणखी बोलके आहे. डोंगरावर तीन शिष्यांसमोर प्रभूचे रूपांतर झाले, तिथे संत मत्तय आणि संत मार्क हेच क्रियापद वापरतात. म्हणजे ६ ऑगस्टला आपण जो रूपांतराचा सण साजरा करतो, त्याचे आणि सुधारणेचे मूळ एकच आहे!

आता व्याकरणाकडे वळू. संत पौलाचे हे क्रियापद आज्ञार्थी आहे, पण कर्मणी वळणाचे आहे. तो ‘दुसऱ्यांना सुधारा’ असे म्हणत नाही. ‘स्वतःच्या बळावर सुधारा’ असेही म्हणत नाही. देवाला तुमचे रूप पालटू द्या, असे म्हणतो. आपल्या मराठी क्रियापदाला दोन दिशा होत्या. संत पौल तिसरी दाखवतो. कर्ता देव आहे. माझे काम आडवे न येण्याचे आहे आणि रोज ‘हो’ म्हणण्याचे आहे.

परिषदांच्या तोंडी हा शब्द

सोळाव्या शतकाच्या पुष्कळ आधीपासून ख्रिस्तसभा हा शब्द उच्चारत होती. १४१४ ते १४१८ या काळात जर्मन भूमीवरील कॉन्स्टान्स शहरात परिषद भरली, तेव्हा पोपपदावर एकाच वेळी तिघे दावा सांगत होते. परिषदेपुढे तीन कामे होती : ऐक्य, श्रद्धा आणि सुधारणा. सुधारणा कोणाची, तर ‘मस्तकाची आणि अवयवांची’. म्हणजे वरून खालपर्यंत सगळ्यांची. हा त्या काळचा ठरलेला शब्दप्रयोग होता. ऐक्य साधले, १४१७ साली मार्टिन पाचवे यांची निवड होऊन फूट मिटली. सुधारणा मात्र बरीचशी कागदावर राहिली.

आणि एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. याच परिषदेने, सुधारणेची मागणी करणारे बोहेमियाचे धर्मगुरू यान हुस यांना पाखंडी ठरवले आणि ६ जुलै १४१५ रोजी त्यांना जिवंत जाळण्यात आले. ज्या सभागृहात सुधारणेची भाषणे होत होती, त्याच गावात हे घडले. १९९९ च्या डिसेंबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. मध्ये जवळजवळ सहाशे वर्षे गेली. सुधारणा हा शब्द ओठांवर असणे आणि ती अंगी येणे यांत किती अंतर असू शकते, ते यावरून कळते.

पुढे ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ऑगस्टिनियन संघाचे मार्टिन ल्यूथर यांनी पापदंडमुक्तीच्या व्यापाराविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले. त्यांतील पहिला मुद्दाच पश्चात्तापाविषयी होता : ख्रिस्ती माणसाचे सारे जीवन पश्चात्तापाचे असावे, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी या मुद्द्यांचे स्पष्टीकरण लिहिताना त्यांनी म्हटले, की ख्रिस्तसभेला सुधारणेची गरज आहे, पण ते एकट्या पोपचे किंवा अनेक कार्डिनलांचे काम नाही. ते देवाचे काम आहे आणि त्याची वेळही देवच जाणतो. इथवर संत पौलाचे व्याकरण शाबूत आहे. नंतर वाद वाढला, दोन्ही बाजूंच्या जिभा तिखट झाल्या, आणि सुधारणा हा शब्द जो तो आपल्या बाजूला ओढू लागला. तंटा केवळ गैरप्रकारांचा नव्हता हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मनुष्य देवापुढे नीतिमान कसा ठरतो, संस्कार किती, अधिकार कोणाचा, असे श्रद्धेचे खोल प्रश्न त्यात होते.

कॅथलिक बाजूचा एक आवाज मात्र आम्हाला फार मोलाचा वाटतो. पोप एड्रियन सहावे यांनी आपला प्रतिनिधी न्यूरेंबर्गच्या राज्यसभेत पाठवला. १५२३ च्या सुरुवातीला तिथे पोपसाहेबांचे म्हणणे वाचून दाखवण्यात आले. रोममध्ये, खुद्द पोपच्या दरबारात, वर्षानुवर्षे निंद्य गोष्टी घडत आल्या, रोग मस्तकातून अवयवांत उतरला, आणि म्हणून सुधारणेची सुरुवात आमच्याच घरापासून व्हावी, असा त्याचा सारांश होता. प्रतिपक्षासमोर अशी कबुली देणे सोपे नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात ते वारले आणि त्यांचे काम अपुरे राहिले.

आपल्या कपाटातली सुधारणा

मग आली त्रेंतची परिषद. १५४५ साली सुरू झाली, मध्ये दोनदा दीर्घकाळ खंडित झाली आणि १५६३ च्या डिसेंबरात संपली. या परिषदेने श्रद्धेची शिकवण मांडली, आणि त्याबरोबर अधिवेशनामागून अधिवेशनात दुसरे आदेश काढले, त्यांचे शीर्षकच होते ‘दे रेफोर्मात्सिओने’, म्हणजे ‘सुधारणेविषयी’. बिशपांनी आपल्या धर्मप्रांतात राहावे, राजवाड्यांत नव्हे. धर्मगुरूंनी रविवारी लोकांना प्रवचन द्यावे. प्रत्येक धर्मप्रांताने भावी धर्मगुरूंसाठी सेमिनरी काढावी. हा शेवटचा आदेश १५ जुलै १५६३ चा. आम्ही ज्या सेमिनरीच्या बाकावर बसून शिकलो, ती त्याच आदेशाची लेक.

त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला विवाहाच्या सुधारणेविषयीचा आदेश निघाला. तोवर चोरून केलेल्या लग्नांचा सुळसुळाट होता. नवरा उद्या म्हणाला की ‘मी लग्न केलेच नाही’, तर बायकोने दाद कोणाकडे मागायची? परिषदेने ठरवले, की लग्नाआधी तीन सणांच्या दिवशी जाहीर घोषणा व्हावी, लग्न धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदारांसमोर लागावे आणि त्याची नोंद वहीत करून ती वही जपून ठेवावी. आपल्या मंदिरात आजही वधूवरांची नावे वाचली जातात. आपल्या कार्यालयातील लोखंडी कपाटात लग्नाची रजिस्टरे आहेत, आणि दाखल्यासाठी तुम्ही अर्ज घेऊन येता तेव्हा आम्ही तीच उघडतो. ती धुळीची पाने म्हणजे सुधारणा! कित्येक बायकांना त्या एका ओळीने संरक्षण दिले. कोण म्हणेल की हे केवळ ‘विरुद्ध’ होते?

त्रेंतचे आदेश आपल्या किनाऱ्यावरही पोहोचले. ते अमलात आणण्यासाठी १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक परिषद भरली. पण तिथेही चित्र एकरंगी नाही. धर्मगुरूंनी कसे वागावे हे सांगणाऱ्या त्याच परिषदेने पोर्तुगीज अमलाखालील हिंदू बांधवांच्या पूजाविधींवर बंदी घालण्याचीही मागणी केली. स्वतःला सुधारण्याची ताकद आणि दुसऱ्याला बळाने सुधारण्याचा मोह एकाच कागदावर शेजारी बसू शकतात, हे आपण विसरू नये. पहिली कृपा आहे. दुसरे पाप आहे.

‘प्रति’ कोठून आला?

आता आमच्या विद्यार्थिनीच्या ‘प्रति’कडे. त्रेंतच्या धर्माचार्यांनी आपल्या कामाला ‘प्रतिसुधारणा’ असे नाव कधीच दिले नाही. हा शब्द १७७६ साली योहान श्टेफान प्यूटर या जर्मन कायदेपंडिताने वापरला, म्हणजे परिषद संपून दोनशेहून अधिक वर्षे झाल्यावर. जर्मनीतील काही राजांनी प्रोटेस्टंट प्रजेला बळाने पुन्हा कॅथलिक केले, त्या कारवायांना त्याने हे नाव दिले. पुढच्या शतकात इतिहासकारांनी ते उचलले आणि एका संपूर्ण युगाला चिकटवले. १९४६ साली हूबर्ट येडिन या कॅथलिक धर्मगुरू-इतिहासकाराने एक छोटे पुस्तक लिहून दाखवून दिले, की इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना दोन वेगळी नावे हवीत. एक, ख्रिस्तसभेने आतून स्वतःचे केलेले नवीकरण : ती कॅथलिक सुधारणा, आणि तिची मुळे ल्यूथरच्या आधीची आहेत. दुसरी, प्रोटेस्टंटांविरुद्ध उभारलेली आघाडी : ती प्रतिसुधारणा. दोन्ही घडल्या. एकीसाठी देवाचे आभार मानावेत, दुसरीतील जुलमाबद्दल क्षमा मागावी.

तेव्हा, बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे : आपण सुधारणेच्या विरुद्ध होतो का? कधी कधी होतो. आपण सुधारलो का? हो, बरेच सुधारलो. सुधारून झाले का? नाही. आणि तुझ्या मैत्रिणीला सांग, की तिच्या परंपरेतही हेच मानतात. नेदरलँड्समधील रिफॉर्म्ड पंथात सतराव्या शतकात मूळ धरलेले एक लॅटिन ब्रीद आहे, त्याचा आशय असा, की ख्रिस्तसभा सदैव सुधारली जायला हवी. तिथेही क्रियापद कर्मणी आहे! म्हणजे ‘आमचे सुधारलेले’ असे त्यांनाही म्हणता येत नाही आणि आपल्यालाही नाही.

दुसरी व्हॅटिकन परिषद : झरा आणि आजचा दिवस

२५ जानेवारी १९५९ रोजी पोप जॉन तेविसावे यांनी नवी परिषद बोलावण्याचा मानस जाहीर केला. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी ‘अज्जोर्नामेंतो’ हा इटालियन शब्द वापरला, तो खरे तर ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या संहितेबद्दल. पुढे तो साऱ्या परिषदेचे बोधवाक्य होऊन बसला. ‘जोर्नो’ म्हणजे दिवस. अज्जोर्नामेंतो म्हणजे आजच्या दिवसापर्यंत आणणे, जसा दुकानदार रात्री बसून खतावणी आजपर्यंत पुरी करतो. त्याच सुमारास फ्रान्समधील ईशज्ञानी दुसऱ्या एका गोष्टीवर भर देत होते : मूळ झऱ्याकडे परत जाणे, म्हणजे बायबल आणि आद्य धर्मपित्यांची शिकवण यांकडे. परिषदेने (१९६२ ते १९६५) या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. व्रतस्थांच्या नवीकरणाविषयीचा दस्तऐवज तर स्पष्टच सांगतो, की झऱ्याकडे सतत परतणे आणि बदललेल्या काळाशी जुळवून घेणे, दोन्ही बरोबर झाली तरच ते नवीकरण. नुसता झरा धरला तर आपण संग्रहालय होऊ. नुसता आजचा दिवस धरला तर वाऱ्यावरचे पान होऊ.

जुना, वादात भाजून निघालेला ‘रेफोर्मात्सियो’ हा शब्दही परिषदेने टाळला नाही. २१ नोव्हेंबर १९६४ च्या ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशात म्हटले आहे, की वाटेवर असलेल्या ख्रिस्तसभेला ख्रिस्त अखंड सुधारणेसाठी हाक मारत आहे, कारण ती माणसांची संस्था म्हणून तिला त्याची सतत गरज असते. चारशे वर्षे जो शब्द ‘त्यांचा’ मानला जात होता, तो आपण पुन्हा आपला म्हणून उच्चारला. त्याची फळे दिसली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी, मनुष्य देवाच्या कृपेने नीतिमान ठरतो या विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस स्वीडनमधील लुंड येथे ल्यूथरन बांधवांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले.

आपल्या घराघरात या परिषदेचा स्पर्श कुठे झाला हे वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये चाले आणि आजी बाकावर बसून जपमाळ ओढत असे. आज तीच मिस्सा आपण मायबोलीत ऐकतो, आणि उत्तर देतो तेही मायबोलीतच.

खरी सुधारणा ओळखायची कशी?

डोमिनिकन संघाचे फ्रेंच ईशज्ञानी ईव्ह कोंगार यांनी १९५० साली ख्रिस्तसभेतील खऱ्या आणि खोट्या सुधारणेवर मोठा ग्रंथ लिहिला. १९५२ साली त्याच्या पुनर्मुद्रणाला आणि भाषांतराला रोमहून मनाई झाली, पुढे त्यांचे शिकवणेही थांबवण्यात आले. त्यांना दुःख झाले, पण त्यांनी घर सोडले नाही. काही वर्षांनी पोप जॉन यांनी त्यांना परिषदेच्या तयारीच्या कामात बोलावले, आणि १९९४ साली ते कार्डिनल झाले. या माणसाने सांगितलेल्या खऱ्या सुधारणेच्या चार खुणा आपण आपल्या शब्दांत मांडू या :

१. तिच्या मुळाशी प्रेम आणि माणसांची काळजी असते. नुसती कल्पनेची हौस नसते.
२. ती सर्वांबरोबर राहून होते. ताट वेगळे मांडून नव्हे.
३. तिच्यापाशी धीर असतो. उद्याच फळ हवे असा हट्ट नसतो.
४. ती झऱ्याकडे परतते. केवळ नवीन म्हणून नवीन आणत नाही.

यातील तिसरी खूण सर्वात कठीण आहे, आणि तिला दुसरी बाजूही आहे. धीर धरणारा धीर धरतो. पण वरिष्ठांनी त्याच्या धीराचा फायदा घेऊन काम लांबवत ठेवू नये, असेही कोंगार बजावतात.

यादीत नसलेले नाव

शेवटी आपल्या अंगणात येऊ. काही महिन्यांपूर्वी पॅरिश कौन्सिलच्या सभेत आम्ही फळ्यावर ‘सुधारणा’ असे लिहिले आणि सर्वांना मुद्दे सांगायला लावले. अर्ध्या तासात चौदा मुद्दे जमले. गायकवृंद उशिरा येतो. तरुण मुले प्रवचनाच्या वेळी बाहेर गाड्यांवर बसतात. लग्नात दारू आणि डीजेवर लाखो रुपये उडतात. पालक मुलांना धर्मशिक्षणाला पाठवत नाहीत. सगळे मुद्दे खरे होते. पण गायकवृंदाचा मुद्दा गायकवृंदातील कोणी मांडला नव्हता, आणि लग्नाच्या खर्चाचा मुद्दा मांडणाऱ्या घरी त्या वर्षी लग्न नव्हते.

मागच्या बाकावर एक वयस्कर मावशी बसल्या होत्या. त्या सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, “फादर, रागावू नका. या यादीत तुमचं नाव कुठाय? शनिवारी आम्ही कुमसाराला येतो, तर तुमचा डोळा घड्याळावर असतो. मागे एकदा मला मोठं सांगायचं होतं, ते न सांगताच उठले मी.”

सभा एकदम शांत झाली. आम्हाला राग आला, हे कबूल करतो. मनात पटकन उत्तरेही तयार झाली : कामे किती, संध्याकाळची मिस्सा लगेच असते, वगैरे. सुदैवाने त्यांतले एकही तोंडातून बाहेर पडले नाही. रात्री झोप लागेना. प्रवचनपीठावरून आम्ही देवाच्या क्षमेला सीमा नाही असे सांगतो, आणि ती क्षमा मागायला आलेल्या माणसाला मनगटावरचे घड्याळ दाखवतो. रोग मस्तकातून अवयवांत उतरतो, हे वाक्य आम्ही सेमिनरीत इतिहास म्हणून पाठ केले होते. त्या रात्री ते आमच्याविषयी आहे असे कळले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पंधरावा मुद्दा आम्ही स्वतः लिहिला. आता शनिवारी अर्धा तास आधी बसतो आणि घड्याळ कार्यालयात काढून ठेवतो. फार मोठे काही नाही. मावशींना त्या दिवशी जे सांगायचे होते ते त्यांनी नंतर कोणाला सांगितले की नाही, हे आम्ही विचारलेले नाही; विचारण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण तो ठपका आमच्या नावावर आहे. पुढच्या सभेत गायकवृंदाचा प्रमुख उठला आणि “फादर, आम्ही सव्वासहाला येऊ” एवढेच बोलून बसला. त्याला कोणी काही म्हटले नव्हते.

बंधूभगिनींनो, सुधारणा हा शब्द उच्चारताना बोट आपोआप पुढे जाते. ते मागे वळवून स्वतःकडे आणा, आणि मग हात उघडा ठेवा, कारण सुधारणारा तो आहे. श्रद्धा आपल्याला पूर्वजांकडून मिळालेला ठेवा आहे. ती दुरुस्तीला काढायची नाही. दुरुस्तीला आपण बसायचे आहे. येत्या आठवड्यात कुटुंबात सायंप्रार्थनेनंतर पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. ‘याने सुधारायला हवे’ असे आपण या आठवड्यात कोणाबद्दल म्हटले? त्याच बाबतीत आपले स्वतःचे काय?
२. आपल्या घरातील कोणती चांगली प्रथा विद्रूप झाली आहे? तिचे मूळ रूप काय होते?
३. आपल्या ओळखीच्या प्रोटेस्टंट बांधवांकडून आपण कोणती एक गोष्ट शिकू शकतो?

आणि हो, शनिवारी संध्याकाळी या. मोठे सांगायचे असेल तरी या.

प्रभूची शांती आपल्यासोबत असो.

आपले धर्मगुरू